जागा आहे, पण सलग नाही

पोलादपूर तालुक्यात सपाट जमीन थोडी आणि डोंगरउतार फार, त्यामुळे भाताची खाचरे उतारावर बांध घालून पायरीपायरीने काढलेली असतात, आणि पिढ्यानपिढ्या वाटण्या होत गेल्यावर एकाच खातेदाराच्या नावावरचे क्षेत्र चार ठिकाणी विखुरलेले राहते. सातबाऱ्यांवरील आकड्यांची बेरीज पुरेशी भरते, पण एकरभर सलग जागा हवी म्हटले तर ती सापडत नाही. जमिनीचे आणखी तुकडे पडू नयेत आणि पडलेले एकत्र यावेत, यासाठी तत्कालीन मुंबई प्रांताला 1947 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही अडचण किती जुनी व व्यापक आहे हे लक्षात येते. संगणकाच्या मेमरीची वाटणी करणाऱ्या कर्नलपुढे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातील मूळ आज्ञावलीपुढे, जवळजवळ हाच प्रश्न दर सेकंदाला उभा असतो.

कर्नल मेमरीचे समान तुकडे पाडतो आणि अशा प्रत्येक तुकड्याला पान म्हणतो. बहुतेक यंत्रांत एक पान 4096 बाइटचे असते. एखाद्या प्रोग्रामने मोठी जागा मागितली की कर्नल हाताला येतील ती विखुरलेली पाने त्याच्या नावे लावतो आणि प्रोसेसरच्या तक्त्यात तशी नोंद करतो, ज्यामुळे प्रोग्रामला आपली जागा एकसंध असल्याचेच दिसत राहते. तलाठ्याच्या दप्तरात एक खाते आणि शिवारात दहा खाचरे, असा हा प्रकार आहे. कॅमेरा, पडदा किंवा व्हिडिओ उलगडणारी चिप यांना मात्र हे दप्तर पाहता येत नाही. ही उपकरणे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट लिहितात किंवा तिथून वाचतात, त्यांना पहिला भौतिक पत्ता आणि लांबी एवढेच सांगितलेले असते, आणि तिथून पुढची सगळी जागा आपलीच आहे असे ती धरून चालतात. 1920 बाय 1080 ठिपक्यांची एक चौकट प्रचलित 12 बिटांच्या मांडणीत 31,10,400 बाइट घेते, म्हणजे एका चौकटीसाठी एकाला एक लागून असलेली 760 पाने हवीत, आणि चित्रफीत चालू ठेवायची तर अशा कित्येक चौकटी एकाच वेळी हाताशी असाव्या लागतात.

सलग जागा देण्यासाठी लिनक्स जी पद्धत वापरतो तिला बडी, म्हणजे जोडीदार पद्धत म्हणतात. तीत मोठा तुकडा अर्धा, मग त्याचा अर्धा असा कापला जातो आणि दोन्ही जोडीदार मोकळे झाले की पुन्हा सांधला जातो. केनेथ नोल्टन यांनी ती 1965 साली प्रसिद्ध केली, परंतु 1963 साली ती प्रथम शोधल्याचे श्रेय हॅरी मार्कोविट्झ यांना दिले जाते; गुंतवणूक अनेक ठिकाणी विखरून ठेवावी या सिद्धान्तासाठी 1990 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे ते हेच मार्कोविट्झ, हा योगायोग गमतीचा आहे. लिनक्समध्ये या पद्धतीचा सर्वांत मोठा तुकडा सामान्यतः 1024 पानांचा, म्हणजे 4 मेगाबाइटचा असतो. यंत्र नुकतेच सुरू झाले असेल तर असे तुकडे हवे तितके मिळतात. काही तासांच्या वापरानंतर मात्र मधल्या एखाद्या पानावर कोणीतरी ठाण मांडलेले असते आणि त्या एका पानापायी 1023 मोकळी पाने मोठ्या मागणीच्या उपयोगी पडत नाहीत.

यावरचा जुना उपाय म्हणजे यंत्र सुरू होतानाच उपकरणांच्या नावे जागा अडवून ठेवणे. महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेले उदाहरण आकाश टॅब्लेटचे आहे. मुंबईच्या आयआयटीने समन्वय केलेल्या या टॅब्लेटची दुसरी आवृत्ती 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झाली. सरकारला तो 2,263 रुपयांना पडत होता. त्यात ऑलविनर कंपनीची ए-13 ही चिप आणि 512 मेगाबाइट मेमरी होती. या चिपकुळीच्या त्या काळातील कर्नलमध्ये केवळ व्हिडिओ उलगडणाऱ्या भागासाठी सुमारे 80 मेगाबाइट आरंभीच बाजूला काढले जात. म्हणजे विद्यार्थी पायथनचा धडा गिरवत असो वा नुसता मजकूर वाचत असो, मेमरीचा जवळजवळ सहावा हिस्सा कधीतरी लागणाऱ्या चित्रफितीसाठी पडीक राहणार. स्वस्त यंत्रात ही चैन अधिकच बोचते.

पडीक जागा कोणाला तरी कसू द्यावी, पण मालक आला की ती रिकामी व्हावी, ही कल्पना सॅमसंगच्या पोलंडमधील केंद्रात काम करणारे मिहाऊ नाझारेविच आणि मारेक शिप्रोव्स्की यांनी 2010 पासून मांडली, आणि जुलै 2012 मध्ये आलेल्या लिनक्स 3.5 मध्ये ती सीएमए या आद्याक्षरांच्या नावाने समाविष्ट झाली. तिला आधार होता तो मेल गोरमन यांनी आधीच करून ठेवलेल्या वर्गवारीचा, जिच्यात हलवता येणारी आणि न हलणारी पाने वेगवेगळ्या वस्त्यांत बसवली जातात. सीएमएच्या राखीव पट्ट्यात फक्त हलवता येणाऱ्या पानांनाच प्रवेश असतो. उपकरणाने जागा मागितली की तिथल्या पानांतील मजकूर दुसरीकडे नकलला जातो, तक्त्यातील नोंदी बदलल्या जातात आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही.

सावित्री नदीचे पाणी चढू लागले की महाडच्या बाजारपेठेतला माल वरच्या मजल्यावर जातो, तसेच हे स्थलांतर असते, आणि त्याची मर्यादाही तीच आहे: हलवायला वेळ लागतो. 22 जुलै 2021 च्या पुरात पाणी असे चढले की अनेक दुकानांतला माल हलवायला अवसरच राहिला नाही. कर्नलमध्येही एखादे पान डिस्कवर लिहिले जात असेल तर ते लिखाण पुरे होईपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याचे ॲप उघडून बसलेल्या माणसाला पडदा गोठल्यासारखा वाटतो.

याहून अवघड आहे ते खिळलेले पान, म्हणजे एखाद्या उपकरणाने किंवा ड्रायव्हरने दीर्घ काळ जागचे हलू नये म्हणून धरून ठेवलेले. आयबीएमच्या पॉवर यंत्रांवर हा प्रश्न तीव्र झाला, कारण तिथे आभासी यंत्राचा पत्त्यांचा तक्ताच सलग जागा मागतो आणि ती सीएमएमधून दिली जाते, तर त्याच आभासी यंत्राची इतर पाने उपकरणांसाठी खिळली जातात, आणि ती सीएमएच्या पट्ट्यात असतील तर पुढच्या यंत्राला तक्त्यापुरतीही जागा उरत नाही. आयबीएममधील अनीश कुमार यांनी 2019 साली केलेल्या दुरुस्तीनुसार दीर्घ काळ खिळायचे पान आधी सीएमएच्या पट्ट्याबाहेर हलवले जाते आणि मगच खिळले जाते.

उपकरणांनाही स्वतंत्र तक्ता देणारे आयओएमएमयू नावाचे साधन मोठ्या यंत्रांत आणि महाग फोनांत असतेच. तिथे विखुरलेली पानेही उपकरणाला सलग दिसतात. स्वस्त चिपमध्ये ते अनेकदा नसते, आणि अशा यंत्रातील लिनक्सचा मेमरीचा गोषवारा उघडला तर सीएमएची एकूण आणि मोकळी जागा अशा दोन ओळी दिसतात. मोकळ्या जागेचा आकडा मोठा असूनही मागणी फेटाळली जाऊ शकते, कारण हा आकडा नुसती बेरीज असतो. पट्ट्यातले एखादे पान हलले नाही तर कर्नल तो भाग सोडून पुढे सरकतो आणि पट्टा संपेपर्यंत तसाच शोधत राहतो.