एलियन आले... आणि मी फॉरवर्ड केलं!

२ एप्रिल २०२२ आठवतंय? गुढीपाडव्याची संध्याकाळ. आमच्या अंबाजोगाईत गुढ्या उतरवून झाल्या होत्या, पुरणपोळीची सुस्ती होती आणि अचानक मोबाइल वाजायला लागले. विदर्भ-मराठवाड्याच्या आकाशातून आगीचे लोळ रांगेनं जाताना दिसले होते. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान कोसळलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर थेट एलियनच उतरले! खरं सांगते, तो व्हिडिओ मीही चार ग्रुपवर ढकलला. आजीनं त्या रात्री धाकट्या भावाला गच्चीवर पाऊल टाकू दिलं नाही.

नंतर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी कडी सापडली. ते अवशेष चिनी रॉकेटचे असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. एलियन गेले, पण माझे चार फॉरवर्ड तसेच राहिले.

पत्रकारिता शिकायला लागल्यावर कळलं, ही गोष्ट फार जुनी आहे. एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तक झाली. मंगळावरचे लोक इंग्लंडवर चाल करून येतात. तोफा हरतात, पण साध्या जिवाणूंपुढे हल्लेखोर मरून पडतात. जगभर राज्य करणाऱ्या इंग्रजांना वेल्स यांनी ‘जिंकले जाणं’ म्हणजे काय ते दाखवलं. आणि गंमत बघा, १८९७ मध्येच पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. तिथं मात्र जंतूंनी राज्यकर्त्यांपेक्षा आपलीच माणसं जास्त नेली.

३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेत ही गोष्ट रेडिओवर आणली. संगीत चालू, मध्येच बातमी : मंगळावरचे न्यू जर्सीत उतरले! दुसऱ्या दिवशी पेपरांनी ‘देशभर घबराट’ छापलं. काही लोक घाबरले हे खरं, पण अभ्यासक म्हणतात, पेपरांनी ते फुगवलं. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता ना! म्हणजे अफवेची बातमी हीच निम्मी अफवा. पेपरात इंटर्नशिप करताना हे वाचलं आणि जरा ओशाळलेच.

इक्वेडोरमध्ये मात्र फुगवायची गरजच पडली नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये रेडिओ क्विटोनं हेच नाटक केलं. सगळं खोटं होतं हे कळल्यावर चिडलेल्या जमावानं स्टेशनची इमारत पेटवली. त्यात माणसं गेली.

पुढे प्रत्येक काळानं या गोष्टीत आपली भीती भरली. १९५३ च्या सिनेमात अणुबॉम्बही फुकट जातो. २००५ मध्ये स्पीलबर्गच्या सिनेमात धुळीनं माखलेला टॉम क्रूझ बघताना ११ सप्टेंबरचा हल्ला आठवतो. २०२५ च्या सिनेमात तर सगळं युद्ध कॉम्प्युटरच्या पडद्यावरच दिसतं.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी परग्रहाकडे वेगळ्या कुतूहलानं पाहिलं. ‘प्रेषित’ वाचा. आणि ते नुसतं लिहून थांबले नाहीत. वातावरणात खूप उंचावर सूक्ष्मजीव आहेत का, हे शोधण्यासाठी हैदराबादहून बलून सोडण्यात आले, त्या प्रयोगात ते होते. प्रश्न पडला, तर आधी नमुना गोळा करायचा!

आपण बलून सोडू शकत नाही, पण दोन मिनिटं थांबू शकतो ना? व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढलाय, एवढं विचारायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं. तिथं कुणी मंगळावरून आलं नव्हतं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती.

पुढच्या वेळी आकाशात काही चमकलं, तर गच्चीवर जाऊन मनसोक्त बघा. यंदा मी आजीलाही सोबत नेणार आहे. फोन खालीच ठेवून.