वेगाचं कौतुक, ओळंब्याचं काम

काळ्या समुद्रात भरकटलेल्या पाणसुरुंगांच्या बातम्या २०२२पासून अधूनमधून येतात. हे बहुधा दोर तुटलेले सुरुंग. एरवी सुरुंग पाण्याखाली दबा धरून बसलेला असतो. पण समुद्राचा तळ तर खालीवर; मग धावत्या जहाजावरून ढकललेला सुरुंग बरोबर तीन मीटर खोलीवर थांबतो कसा?

युक्ती लाजवाब आहे. सुरुंग पोकळ, म्हणून तरंगतो. त्याखाली जड बैठक, आणि बैठकीखाली गवंड्याच्या ओळंब्यासारखं तीन मीटर दोरीला टांगलेलं वजन. बैठक बुडताना तिच्यातल्या रिळावरून सुरुंगाला बांधलेला दोर सुटत जातो. ओळंबा तळाला टेकला, की त्याच्या दोरीवरचा ताण जातो आणि रीळ अडकतं. बैठक मात्र उरलेले तीन मीटर खाली जातेच, जाताना सुरुंगालाही तेवढंच खाली ओढते. खोली मोजायची गरजच नाही!

दुसऱ्या महायुद्धात सुरुंग पेरण्याचं काम करणाऱ्या ब्रिटिश ‘अ‍ॅब्डिएल’ या युद्धनौकेची ख्याती मात्र वेगाची. ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. (पोटात दीडशेच्या वर सुरुंग भरल्यावर वेग अर्थातच कमी, कौतुक करणारे हे सांगत नाहीत.) रात्री शत्रूच्या किनाऱ्याजवळ सुरुंग पेरायचे आणि उजाडायच्या आत लांब पळायचं, यासाठी तो वेग. २१ मे १९४१च्या पहाटे तिनं ग्रीसच्या केफालोनिया आणि लेफ्काडा बेटांदरम्यान सुरुंग टाकले. त्याच दिवशी इटलीची ‘मिराबेल्लो’ ही विनाशिका आणि जर्मन रणगाडा तुकडीचं सामान तारांतोला नेणारी ‘किबफेल्स’ व ‘मारबुर्ग’ ही जहाजं तिथं बुडाली.

सप्टेंबर १९४३मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि ‘अ‍ॅब्डिएल’ ब्रिटिश छत्रीधारी सैनिक घेऊन त्याच तारांतोत पोहोचली. बंदर सोडताना दोन जर्मन वेगनौकांनी तिथं सुरुंग टाकून ठेवले होते. १० तारखेच्या मध्यरात्रीनंतर, नांगरलेल्या ‘अ‍ॅब्डिएल’खाली स्फोट झाला. काही मिनिटांत ती बुडाली. ५८ सैनिक आणि ४८ खलाशी गेले. नांगर टाकलेल्या जहाजाला वेगाचा काय उपयोग?

तिच्या वर्गातल्या सहा जहाजांपैकी तीन युद्धात गेली. ‘लॅटोना’ विमानहल्ल्यात, ‘वेल्शमन’ पाणबुडीच्या टॉर्पेडोनं. सुरुंगानं बुडाली ती एकटी ‘अ‍ॅब्डिएल’.