जॉकीचा आकडा आणि घोड्याचा भाव

२८ सप्टेंबर १९९६ रोजी इंग्लंडमधल्या ॲस्कॉट रेसकोर्सवर दिवसाची सातवी आणि शेवटची शर्यत सुरू होण्याच्या बेतात होती. दोन मैलांची हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधणारी शर्यत. फुजियामा क्रेस्ट हा घोडा त्यात धावणार होता आणि सकाळी त्याचा भाव एकास बारा होता. शर्यत सुटली तेव्हा तोच भाव एकास दोनवर आला होता. मधल्या काही तासांत घोडा बदलला नव्हता, अंतर बदललं नव्हतं, ट्रेनरही तोच होता. बदलला होता तो फक्त जॉकीचा त्या दिवसाचा आकडा. फ्रँकी देत्तोरीनं आधीच्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या होत्या. भावाच्या भाषेत सांगायचं तर सकाळी या घोड्याची जिंकण्याची शक्यता साधारण पावणेआठ टक्के धरली जात होती, संध्याकाळी ती ३३ टक्के झाली. सकाळपासून सातही घोडे साखळीनं लावणाऱ्यांचं देणं अंगावर येईल या धास्तीनं मोठ्या बुकींनी स्वतःच पैसा टाकून भाव खाली ओढला, हे त्यातलं मोठं कारण. पण प्रेक्षकही देत्तोरीच्याच नावावर पैसे लावत होते. मैदानावरच्या एका बुकीनं हा भाव वेडगळ आहे असं ठरवून समोर येणारा पैसा घेतला. त्याचा तर्क बिनचूक होता. तरीही फुजियामा क्रेस्ट जिंकला आणि तो बुकी बुडाला.

या एका शर्यतीत जॉकीच्या आकडेवारीचा सगळा गुंता दिसतो. देत्तोरी थोर जॉकी होता, त्या दिवशी तो जिंकला, आणि तरीही एकास दोनच्या भावात त्याच्यावर पैसे लावणं हा चुकीचा सौदा होता. तिन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. रेसकोर्सवर जॉकीची टक्केवारी वाचणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या विधानावर थांबतो. कोण किती जिंकतो हे त्याला कळतं. त्या जिंकण्याची किंमत भावात आधीच वसूल झाली आहे का, हा प्रश्न तो विचारत नाही. पैज लावणाऱ्याच्या कामाचा प्रश्न मात्र तेवढाच आहे, आणि तो नीट विचारला तर जॉकीच्या आकड्यांचा उपयोग आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आणि बराच वेगळा निघतो.

जॉकीमुळे फरक पडतो की नाही, यावर वाद घालण्याचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जॉकी खोगिरावर ताठ बसत, लांब रिकिबीत पाय सोडून. १८९७ च्या सुमारास टॉड स्लोन या अमेरिकी जॉकीनं इंग्लंडमध्ये आखूड रिकीब आणि घोड्याच्या मानेवर वाकलेली बैठक आणली. आधी लोक हसले, मग सगळ्यांनी ती उचलली. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात थिलो फाउ आणि सहकाऱ्यांनी या बैठकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मोजणीनुसार या बैठकीत जॉकीचे पाय स्प्रिंगसारखं काम करतात. घोड्याची पाठ प्रत्येक टापेला वरखाली, मागेपुढे होते, पण जॉकीचं अंग जवळजवळ एका रेषेत पुढे जात राहतं. त्यामुळे त्याचं वजन घोड्याला वाहावं लागतं, पण दर टापेला नव्यानं ढकलावं लागत नाही. ही बैठक रूढ झाली त्या काळात शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या होत्या. शर्यतींत हा फरक प्रचंड आहे. पण आज ती बैठक शिकाऊ पोरालाही येते. कौशल्य सगळ्यांपाशी पोचलं की जिंकण्या-हरण्यातला त्याचा वाटा आटतो. वरच्या फळीतल्या दोन जॉकींमध्ये उरलेला फरक खरा असतो, पण बारीक असतो. वेगाचा अंदाज, फटीतून घोडा काढण्याचं धारिष्ट, शेवटच्या दोनशे मीटरांसाठी दम राखून ठेवणं, एवढ्यातच तो दिसतो.

टक्केवारीत मात्र तो फरक दुप्पट-तिप्पट दिसतो. एक जॉकी २५ टक्के शर्यती जिंकतो, दुसरा आठ. तो तसा दिसतो, कारण टक्केवारीचा मोठा भाग जॉकीचा नसतोच, घोड्याचा असतो. चांगला जॉकी चांगल्या तबेल्याला हवा असतो, चांगल्या तबेल्यात चांगले घोडे असतात, त्यांवर जिंकून जॉकीचा आकडा फुगतो आणि फुगलेल्या आकड्यामुळे आणखी चांगले घोडे त्याच्याकडे येतात. आयर्लंडचे ट्रेनर एडन ओब्रायन यांच्या तबेल्याचा पहिला जॉकी रायन मूर. जगातल्या सर्वोत्तम घोड्यांपैकी कितीतरी त्याच्या वाट्याला येतात. त्याच्या टक्केवारीत मूर किती आणि ओब्रायन किती, हे नुसत्या बेरजेतून कधीच वेगळं काढता येणार नाही. हाँगकाँगमध्ये झॅक पर्टननं २०२२-२३ च्या हंगामात १७९ शर्यती जिंकून तिथला विक्रम केला. त्याआधीचा १७० चा विक्रम जोआओ मोरेराचा होता. हे दोघे असामान्य आहेत यात शंका नाही. पण प्रत्येक शर्यतीत उत्तम घोडा निवडण्याची मुभा ज्याला असते, त्याच्या आकड्यात ती निवडही मोजली जाते.

यावर जाणकारांचा एक चांगला आक्षेप असतो. निवड आकड्यात मिसळली तर बिघडलं कुठे? जॉकीनं कोणता घोडा निवडला हीच तर आतली बातमी. एकाच तबेल्याचे दोन-तीन घोडे असतील आणि पहिला जॉकी त्यातल्या एकावर बसला, तर सकाळच्या सरावात त्यानं काहीतरी पाहिलं असणार. मुद्दा बरोबर आहे आणि निवडीत खरोखरच माहिती असते. पण ती बातमी आतली राहत नाही. जॉकींची नावं छापून येतात त्या क्षणी ती हजारो लोकांना कळते आणि भावात उतरते. शिवाय निवड चुकतेही. ४ जुलै २०२० च्या इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीत ओब्रायन यांचे सहा घोडे होते. मूरनं मोगल निवडला. जिंकला तो त्याच तबेल्याचा सर्पेंटाइन, भाव एकास पंचवीस, जॉकी एमेट मॅकनमारा, ज्याचं नाव बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकही नव्हतं. त्यानं सुरुवातीलाच घोडा पुढे काढला. मागचे नामवंत त्याला आज ना उद्या गाठू अशा हिशेबात राहिले आणि तो घोड्याच्या साडेपाच लांबींनी जिंकला. एका शर्यतीनं काही सिद्ध होत नाही. पण मोठ्या जॉकीच्या निवडीची बातमी सर्वांना असते तेव्हा बाकीच्या घोड्यांचे भाव किती सैल सुटू शकतात, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

आकडेवारीचा गंभीर वापर कसा झाला हे पाहायचं तर दोन अभ्यास समोर ठेवावे लागतात. १९८६ साली रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी अमेरिकेतल्या पाच रेसकोर्सवरच्या २०० शर्यती घेऊन घोड्याच्या जिंकण्याच्या शक्यतेचं गणिती प्रारूप मांडलं. त्यात दहा घटक होते आणि जॉकीची जिंकण्याची टक्केवारी व त्याचे एकूण विजय हे त्यातले दोन. बाकीच्यांत घोड्याचा वेग, त्याची आजवरची कामगिरी, पाठीवरचं वजन, सुटण्याची जागा अशा गोष्टी होत्या. म्हणजे जॉकी प्रारूपात आला तो एकटा नाही, घोड्याचा हिशेब आधी मांडून झाल्यावर उरलेल्या फरकापुरता. हीच वाट पुढे बिल बेंटर यांनी हाँगकाँगमध्ये नेली आणि संगणकाच्या मदतीनं अफाट पैसा कमावला. १९९४ साली त्यांनी आपली रीत लिहून प्रसिद्ध केली. तिचा गाभा फार कमी लोक लक्षात घेतात. बेंटर स्वतःच्या प्रारूपावरच विसंबून राहिले नाहीत. प्रारूपाचा अंदाज आणि लोकांच्या पैशातून बनलेला भाव, दोन्ही मिसळून त्यांनी तिसरा आकडा काढला. लोकांना जे ठाऊक आहे ते प्रारूपाला ठाऊक नसतं, हे त्यांनी मान्य केलं होतं. माझ्या मते घोड्यांच्या पैजेवर लिहिलेली सर्वांत प्रामाणिक कबुली तीच आहे.

सामान्य वाचकाला संगणक नको, वहीसुद्धा पुरेल. प्रत्येक स्वारीसमोर घोड्याचा शेवटचा भाव लिहायचा आणि त्यातून बाजारानं धरलेली शक्यता काढायची. एकास दोन म्हणजे तीनात एक, एकास चार म्हणजे पाचात एक, एकास नऊ म्हणजे दहात एक. समजा एका जॉकीच्या दहा स्वाऱ्या आहेत, चार एकास दोनच्या, तीन एकास चारच्या, तीन एकास नऊच्या. बेरीज येते २.२३. बुकीच्या भावात त्याचा नफा दडलेला असतो, म्हणून एका शर्यतीतल्या सर्व घोड्यांच्या अशा शक्यता मिळवल्या तर बेरीज एकाच्या वर जाते. ती १.१५ धरून भागलं की उरतात १.९४. म्हणजे बाजाराला या जॉकीकडून जवळजवळ दोन विजय हवेच होते. तो दोन जिंकला तर त्याची टक्केवारी वीस दिसेल, लोक वाहवा करतील, पण त्यानं अपेक्षेपेक्षा जास्त काही दिलेलं नाही. दुसरा जॉकी दहाही वेळा एकास नऊच्या घोड्यांवर बसला. त्याच्याकडून अपेक्षा ०.८७ विजयांची होती आणि तो एकदा जिंकला. टक्केवारी निम्मी, पण भावाच्या हिशेबानं हा पहिल्याच्या पुढे. प्रत्यक्ष विजय भागिले अपेक्षित विजय, हा एकच रकाना जॉकीबद्दल उपयोगी बोलतो. वर्तमानपत्रात छापल्या जाणाऱ्या तक्त्यांत तो नसतो.

पण दहा स्वाऱ्यांवरून काहीच ठरत नाही. खरोखर वीस टक्के जिंकणारा जॉकी घेतला तरी ५० स्वाऱ्यांत निव्वळ योगायोगानं त्याचे विजय चारपासून सोळापर्यंत कुठेही पडू शकतात. चार पडले तर लोक म्हणणार हात गेला, सोळा पडले तर म्हणणार आग ओकतोय. ‘सध्या फॉर्मात आहे’ या वाक्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं. फॉर्म असा काही नसतोच असं मी म्हणत नाही. आत्मविश्वास, दुखापत, तबेल्यात आलेली साथ, सगळं खरं आहे. पण तबेल्याचे घोडे एकदम तंदुरुस्त झाले की त्याच्या जॉकीचाही फॉर्म चढतो, आणि तिथे पुन्हा घोडाच मोजला जातो. दुसरा सापळा याहून धोक्याचा. चाळीस जॉकी आणि पाच अंतरं घेतली की दोनशे घरांचा तक्ता तयार होतो. त्यातली दहाएक घरं काहीही कारण नसताना विलक्षण दिसणार. ‘अमुक जॉकी १४०० मीटरला नफ्यात’ असा शोध लागतो तो बहुधा या दहांतला असतो. पुढच्या हंगामात तो विरून जातो.

मग उपयोग कुठे? शिकाऊ जॉकींच्या बाबतीत मला तो सर्वांत ठोस वाटतो. ब्रिटनमध्ये सपाट (अडथळ्यांविना होणाऱ्या) शर्यतींत शिकाऊ जॉकीच्या घोड्याला वजनात सूट मिळते. वीस विजयांपर्यंत सात पौंड, पन्नासपर्यंत पाच, पंचाण्णवपर्यंत तीन. भारतातही शिकाऊंना किलोंमध्ये अशी सूट असते. सात पौंड म्हणजे तीन किलोंहून जास्त. ज्या मुलाचा हात सवलतीच्या मानानं पुढे गेला आहे, त्याचा घोडा काही काळ खरोखर स्वस्तात धावतो. त्याचं नाव अजून मोठं झालेलं नसतं, म्हणून भावही पुरता आटलेला नसतो. मात्र पंचाण्णवावा विजय झाला की सूट संपते आणि आधीचे सगळे आकडे वेगळ्या परिस्थितीचे होऊन बसतात. तोवरची टक्केवारी पुढे ओढत नेणं चूक. दुसरी जागा आहे घोडा तोच आणि जॉकी बदलल्याची. तिथे भाव किती हलला हे पाहावं, आणि नुसत्या नावामुळे तो फार खाली आला असेल तर त्या शर्यतीतल्या दुसऱ्या घोड्यांकडे नजर टाकावी.

मुंबई-पुण्याचे रेसप्रेमी इथे म्हणतील की हाँगकाँगचा बाजार प्रचंड, तिथला भाव शहाणा असतो. आपल्याकडे पैसा थोडा, घोडे मोजके, जॉकी तेच ते, म्हणून डोळस माणसाला वाव जास्त. यात तथ्य आहे. पांडू खाडे, वसंत शिंदे यांच्या काळापासून आजच्या संदेशपर्यंत महालक्ष्मी रेसकोर्सवर मराठी जॉकींवर लोकांचा जीव राहिला आहे, आणि जीव जडला की भाव वाकडा होतो. सर्वोच्च न्यायालयानंही १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा नशिबापेक्षा कौशल्याचा खेळ मानला. पण कौशल्याला वाव असणं वेगळं आणि त्या वावातून खर्च निघणं वेगळं. हाँगकाँगच्या टोटवर, म्हणजे सगळ्यांचा पैसा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या व्यवस्थेत, विनच्या (पहिल्या येणाऱ्या घोड्यावरच्या) पैशातून साडेसतरा टक्के कापले जातात. तिथे तोटा टाळायला जॉकीनं अपेक्षेच्या १.२१ पट जिंकायला हवं. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतींच्या पैजेवर जीएसटी ४० टक्के झाला. शंभराच्या पैजेवर हा कर वरून पडला तर १४० रुपये मोजून शंभराचाच भाव मिळतो. बुकीनं स्वतःसाठी एक पैसाही ठेवला नाही असं धरलं, तरी अपेक्षेच्या १.४० पट विजय हवेत. म्हणजे एकास नऊच्या घोड्यांवरच्या ४०० स्वाऱ्यांत ४० च्या जागी ५६. योगायोगाचा पट्टा तिथे साधारण २८ ते ५२ असा आहे. ५६ हा आकडा खरा आहे की नशिबाचा, हे ओळखण्याइतक्या स्वाऱ्या वहीत जमेपर्यंत दोन-तीन हंगाम उलटतात. तोवर शिकाऊ पोराची सूट संपलेली असते, त्यानं तबेला बदललेला असतो आणि त्याचं नाव ऐकताच बुकी भाव खाली आणू लागलेला असतो.