माळ्यावरच्या रेकॉर्ड आणि सुईचं वजन



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक जड खोका खाली येतो. आत आजी-आजोबांच्या रेकॉर्ड असतात. मुलं विचारतात, "हे काय आहे? वाजतं का?" मग घरात ठरतं की एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊ या. आपण अंधेरी, मुलुंडहून गाडी पकडतो, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर चक्कर मारतो आणि चकचकीत लाकडी पेटी बघून हरखून जातो. इथेच जरा थांबा. आधी सुई बघायची, पेटी नंतर. का, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

एका नाण्याची गोष्ट

कॉलेजात असताना आमच्याकडे एक जुना प्लेअर होता. वडिलांच्या आवडीच्या नाट्यगीतांची एलपी एका जागी अडकायची. मी डोकं चालवलं आणि सुईच्या आर्मवर रुपयाचं नाणं चिकटवलं. रेकॉर्ड अडकायची थांबली, सगळे खूश. काही महिन्यांनी वडील म्हणाले, "आवाज बसल्यासारखा का वाटतोय गं?" सुई बदलली तरी तो आवाज परत आला नाही. बिघाड प्लेअरमध्ये नव्हता, रेकॉर्डच झिजली होती.

त्या जुन्या नाण्याचं वजन साधारण ५ ग्रॅम. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला एकूण भार लागतो दीड ते तीन ग्रॅम. ५ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. पण सुईचं टोक केसापेक्षाही बारीक असतं आणि सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. बल तेच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब प्रचंड. हा धडा आपणच वर्गात शिकवतो!

कार्ट्रिज म्हणजे काय?

आर्मच्या टोकाला जी छोटी डबी असते, ती कार्ट्रिज. सुई तिच्यातच बसवलेली असते. खाचेतल्या नागमोडी वळणांमुळे सुई थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करते. जुन्या प्लेअरमध्ये मुख्यतः दोन प्रकार भेटतात.

१. सिरॅमिक किंवा क्रिस्टल: दाब पडला की वीज तयार होते. आपल्या स्वयंपाकघरातला गॅस लायटर याच तत्त्वावर ठिणगी देतो. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीतल्या प्लेअरमध्ये बहुतेक वेळा हीच कार्ट्रिज असते. आवाज सहज मोठा होतो, पण सुईचा भार जास्त लागतो.

२. चुंबकीय: सुईबरोबर चिमुकला चुंबक हलतो आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. दहावीतलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. भार कमी, आवाज स्वच्छ. मात्र वीज अगदी थोडी, काही मिलिव्होल्टच. म्हणून मध्ये फोनो प्रीअॅम्प लागतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि पोकळ येतो आणि आपण उगाच प्लेअरला दोष देतो.

आधी रेकॉर्ड ओळखा

खोक्यातली रेकॉर्ड जड असेल, पडली तर काचेसारखी फुटेल अशी असेल आणि लेबलवर ७८ लिहिलं असेल, तर ती लाखेची. लाख म्हणजे तीच, बांगड्यांची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांना तेवढ्यात गाणं बसवावं लागे. एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली. ती व्हिनाइलची, एका बाजूला २० मिनिटं किंवा थोडी जास्त.

दोन्हींच्या खाचा वेगळ्या, म्हणून सुयाही वेगळ्या. ७८ साठी टोक साधारण ७५ मायक्रॉनचं, एलपीसाठी १८ च्या आसपास. अनेक जुन्या प्लेअरमध्ये सुई उलटवायची छोटी कळ असते. ती कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय रेकॉर्ड लावू नका. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याची पोलादी पिन आणि जड डोकं एका फेरीत खाच खरवडून काढतं.

अजून एक. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका, लाख त्यात विरघळते. मऊ कोरडं फडकं बरं. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी लवकर धरते, म्हणून रेकॉर्ड उभ्या ठेवा आणि भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा.

विकत घेताना काय बघाल?

सुई: भिंगातून बघा. टोक तुटलेलं किंवा चपटं असेल तर घरची रेकॉर्ड त्यावर लावू नका. त्या कार्ट्रिजची नवी सुई मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते, नीलमची बरीच कमी. रोज ४० मिनिटांची एक एलपी ऐकली तर ५०० तास म्हणजे ७५० दिवस, दोन वर्षांहून थोडं जास्त.

भार: आर्मच्या मागे फिरवता येणारं वजन आहे का? सुईचा भार मोजायचा छोटा काटा वेगळा मिळतो, तो जरूर घ्या.

वेग: तबकडीवर कागदाचा तुकडा ठेवा आणि फेऱ्या मोजा. एलपीचा वेग मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेऱ्या, म्हणजे ३ मिनिटांत बरोबर १००. फेऱ्या कमी भरल्या तर आधी रबरी पट्टा सैल झालाय का बघा. तो स्वस्तात बदलता येतो.

अमेरिकेतून कुणी जुना प्लेअर आणणार असेल तर विशेष सांभाळा. तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. हर्ट्झवर चालणारी जुनी मोटर इथे ३ मिनिटांत ८३ फेऱ्याच मारेल आणि काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाई थेट पांढरी पाचला उतरतील! मोटर कुठल्या प्रकारची आहे हे आधी विचारून घ्या.

मुलांसाठी तीन प्रश्न

१. रेकॉर्डच्या एका बाजूला खाचा किती? मुलं शेकड्यांत सांगतात. उत्तर, एकच. ती बाहेरून आत गोल गोल जाते.

२. ती सरळ केली तर किती लांब? २० मिनिटांत सुमारे ६६७ फेऱ्या, सरासरी त्रिज्या १० सेंमी धरा. उत्तर ४०० मीटरच्या थोडं पुढे जातं, म्हणजे मोठ्या मैदानाची एक फेरी.

३. शेवटचं गाणं कधी कधी फाटल्यासारखं का वाटतं? आतल्या वर्तुळाचा परीघ लहान, पण फेरीचा वेळ तोच. तेवढंच गाणं कमी लांबीत कोंबलेलं असतं.

पेटीचं पॉलिश नंतर करता येतं, पट्टा आणि सुईही नवी मिळते. झिजलेली खाच मात्र पुन्हा भरता येत नाही. आमची ती एलपी मी अजून जपून ठेवली आहे. आवाज बसलेलाच आहे. शाळेत दाब शिकवताना मी ती आणि ते नाणं, दोन्ही वर्गात नेते.

तुमच्या माळ्यावर खोका असेल तर या सुट्टीत मुलांना घेऊन उघडा. वाजवायची घाई नको. आधी लेबलं वाचा, सुई बघा, मग भार मोजा. आणि मग सगळे मिळून ऐका.