पाडेगांवच्या केंद्रांत कसें जावें

नीरा कालव्याखालील क्षारानें पडीत झालेल्या जमिनींच्या नोंदी आम्हीं दप्तरांत वर्षानुवर्षें केल्या. पण पाडेगांवच्या ऊस संशोधन केंद्राचें फाटक नोकरी संपेपर्यंत ओलांडलें नाहीं. फलटण तालुक्यांतील हें केंद्र १९३२ सालचें असून आज राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. सरकारी आवार समजून कित्येक बागाइतदार तेथें जाण्यास अद्याप कचरतात. वस्तुतः शेतकऱ्यावांचून त्याचें काम पुरें होत नाहीं. १९९६ सालीं प्रसारित झालेल्या को ८६०३२ या जातीचा संकर कोइमतूरचा, निवड पाडेगांवची. आणि बेणें वाढलें तें कारखान्यांच्या व बागाइतदारांच्या मळ्यांत.

जातांना मात्र रिकाम्या हातीं जाऊं नये. माती व विहिरीचें पाणी आधीं तपासून तो कागद, आणि उसास किती दिवसांनीं पाणी देतों याचें टिपण जवळ असावें; नाहींतर विचारणारा व सांगणारा दोघेही अंधारांत. (पाळी मिळाली कीं आपण शेत तुडुंब भरतों, हें सांगावयास लाज कशाची?) चोपण जमिनीस नुसतें जिप्सम टाकून भागत नाहीं, आधीं चर खणून खालच्या पाण्यास वाट करून द्यावी लागते, मग जिप्सम. हा क्रम वेळीं ठाऊक असता, तर आमच्या नोंदींतील कांहीं गट पुनः लागवडीस आले असते.