नदीची वाळू आणि चोरीची व्याख्या

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या पात्रातून कोणी परवान्यावाचून वाळू नेली, तर त्या कृत्यास चोरी म्हणावे काय? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु त्याचे उत्तर ‘मालकी’ व ‘ताबा’ या शब्दांच्या अर्थावर अवलंबून आहे.

१९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमात साधी वाळू ‘गौण खनिज’ ठरते. येथे ‘गौण’ म्हणजे क्षुल्लक नव्हे. अशा खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याकडे असतो, एवढेच त्या संज्ञेतून सूचित होते. प्रकाशा वा सारंगखेडा येथील काठावरच्या शेतकऱ्यास तर वाळू मुळीच गौण नाही. तिच्या थरात मुरलेले पाणी विहिरींना आधार देते.

या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवाचून न्यायालयास दखल घेता येत नाही. म्हणून पोलिसांनी स्वतंत्रपणे चोरीचा खटला चालवू नये, असा युक्तिवाद होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, यमुनेच्या वाळूसंबंधीच्या दिल्ली राज्य विरुद्ध संजय या प्रकरणात, तो अमान्य केला. परवान्याचा भंग व राज्याच्या ताब्यातील वस्तू अप्रामाणिकपणे नेणे हे दोन भिन्न अपराध होत. जमिनीस संलग्न वस्तूची चोरी होत नाही, हे खरे. पण ती विलग होताच चोरीचा विषय बनते. फावड्याच्या ज्या घावाने वाळू सुटते, त्याच घावाने ती चोरीची होऊ शकते. दंडसंहितेतील हे तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये कायम आहे. ती संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली.

इस्लामी धर्मशास्त्राची, म्हणजे फिक्हची, मांडणी येथे तुलनेस उपयुक्त आहे. भारतात आज इस्लामी फौजदारी कायदा लागू नाही. तथापि ‘गुन्हा’, ‘फौजदारी’, ‘जप्ती’, ‘महसूल’ हे आपले नित्याचे शब्द अरबी-फारसी परंपरेतूनच आले आहेत. चोरीची ‘हद्द’, म्हणजे निश्चित शिक्षा, लागू होण्यास वस्तू ‘हिर्झ’मध्ये, सुरक्षित जागी, असावी लागते. मरगीनानीच्या ‘हिदाया’ या बाराव्या शतकातील हनफी ग्रंथात गवत, लाकूड, हरताळ, गेरू, चुना अशा मुबलक वस्तूंसाठी ही शिक्षा नाही. मग असे खनिज निराधार राहते काय? नाही. ‘ताझीर’, म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकाने द्यावयाची शिक्षा, शिल्लक राहते. याहून महत्त्वाचे संरक्षण मालकीच्या नियमात आहे. मारिबचे मीठ पैगंबरांनी अब्यद इब्न हम्माल यास दिले होते. ते अखंड वाहत्या पाण्यासारखे आहे असे कळताच देणगी मागे घेतली, अशी परंपरा आहे. तिच्या आधारे मावर्दीने उघड्या खाणी कोणा एकास देऊ नयेत, असे प्रतिपादिले.

तात्पर्य, दोन्ही पद्धतींपुढील पेच एकच आहे : जे सर्वांचे, ते कोणाचेच नव्हे काय? फिक्ह शिक्षेच्या बाबतीत सामायिक हिश्शास संशयाचा लाभ देते, पण त्या हिश्शावरील मक्तेदारी नाकारते. आपला कायदा राज्याचा ताबा मानून चोरी सिद्ध करतो. मात्र राज्य हे लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, ही जाणीव सुटली तर लिलावाने नेलेली वाळूही पात्रास तितकीच पारखी होईल. दंडविधानाने तेवढ्यापुरते नदीचे रक्षण होणार नाही.