परत आलेला वैमानिक

नवी मुंबईचा विमानतळ उभा राहू लागल्यापासून आमच्या आपट्यात विमान हा पारावरचा विषय झाला आहे. शेजारचा एक मुलगा हवाई दलाच्या परीक्षेची तयारी करतो. जॉन गिलेस्पी मगीची 'हाय फ्लाइट' ही इंग्रजी कविता त्याने भिंतीवर लावली आहे. "काका, वैमानिक-कवी म्हणजे हाच ना?" त्याने विचारले.

मगीचे चरित्र फार थोडे. अमेरिकी तरुण, १९४० मध्ये कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. १९४१ मध्ये त्याने ही कविता लिहिली, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला इंग्लंडमध्ये दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊन गेला. वय १९. कवितेतला उड्डाणाचा आनंद खराच आहे. पुढचे लिहायला त्याला आयुष्यच मिळाले नाही.

हॉवर्ड नेमेरॉव्हला ते मिळाले. १९२० मध्ये न्यूयॉर्कला जन्म; छायाचित्रकार डायान आर्बस ही त्याची धाकटी बहीण. १९४१ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन तोही कॅनडाच्याच हवाई दलात वैमानिक झाला. उत्तर समुद्रावर जर्मन जहाजांवर हल्ले करण्याचे काम त्याच्याकडे आले. अशा हल्ल्यात विमान पाण्यालगत उतरवावे लागे आणि जहाजावरच्या तोफा समोरून आग ओकत. युद्धाच्या अखेरीस तो अमेरिकी हवाई दलात होता.

पहिला संग्रह १९४७ मध्ये आला. मग प्राध्यापकी, कादंबऱ्या, १९७८ चे पुलित्झर, १९८८ ते १९९० अमेरिकेचे राजकवीपद. मला मात्र १९८७ चा 'वॉर स्टोरीज' महत्त्वाचा वाटतो. आदल्याच वर्षी चॅलेंजर यान कोसळले, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी शोकभाषणाचा शेवट मगीच्या शब्दांनी केला होता. युद्ध संपून ४२ वर्षे झालेला नेमेरॉव्ह त्या संग्रहातल्या 'द वॉर इन द एअर'मध्ये वेगळेच सांगतो: हवेतल्या युद्धात आपली माणसे मरताना दिसत नाहीत, ती परत येत नाहीत एवढेच. म्हणून ते युद्ध स्वच्छ भासते. हा उपरोध कडू आहे. मी इंग्रजी कोश उघडून, सावकाश वाचतो. माझ्या तो दुसऱ्या वाचनात ध्यानात आला.

कवितेचा मराठी अर्थ लिहून मी त्या मुलाला दिला. भिंतीवर अजून मगीच आहे. माझा कागद त्याने घडी घालून गणिताच्या पुस्तकात ठेवला आहे.